आजेसासूबाईंना वाकून नमस्कार आणि ‘प्रोस्कुनेओ’ हे क्रियापद

विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. माहेर ख्रिस्ती, सासरही ख्रिस्ती. लग्नानंतर त्यांनी आजेसासूबाईंना वाकून, पायांना हात लावून नमस्कार केला. पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका वडिलांनी, म्हणजे एल्डरांनी, त्यांना बाजूला घेऊन सांगितले की मूळ ग्रीकमध्ये ‘प्रोस्कुनेओ’ असा शब्द आहे, त्याचा अर्थ उपासना करणे. पेत्राने कर्नेल्याला पाया पडू दिले नाही, देवदूताने योहानाला थांबवले. म्हणून माणसाच्या पाया पडणे ही मूर्तिपूजाच. ताई विचारतात, ‘ग्रीकमध्ये खरेच असे आहे का? आणि असे असेल तर मागी लोकांनी (पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांनी) बाळ येशूला “नमन” केले असे आपल्या मराठी शास्त्रात (बायबलात) का आहे? “उपासना” का नाही?’

मी बायबल कॉलेजात नव्या कराराचे ग्रीक शिकवते. हे क्रियापद आले की वर्गात व्याकरण बाजूला राहते आणि घराघरातल्या गोष्टी बाहेर येतात, त्यामुळे ताईंची अडचण मला नवी नाही. त्यांच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. एक भाषेचा आहे, त्याचे उत्तर बऱ्यापैकी ठामपणे देता येते. दुसरा वागण्याचा आहे, आणि तो घर, माणूस, प्रसंग पाहून बदलतो. त्या वडिलांनी दुसऱ्याचे उत्तर पहिल्यातून काढले, तिथे गोंधळ झाला.

भाषेचे आधी. प्रोस्कुनेओ म्हणजे आपल्याहून वर असलेल्या कोणापुढे वाकणे, गुडघे टेकणे किंवा जमिनीवर पालथे पडणे, आणि त्या कृतीतून ‘तुम्ही वर, मी खाली’ हे मान्य करणे. समोर देव असेल तर ती उपासना होते. समोर राजा, धनी किंवा सासरा असेल तर तो मान असतो. क्रियापद तेच राहते. कोणता अर्थ घ्यायचा हे शेजारची वाक्ये सांगतात, शब्दकोश एकटा सांगू शकत नाही.

व्युत्पत्तीबद्दल एक इशारा, कारण प्रवचनांत तिचा फार वापर होतो. शब्दाचे दोन तुकडे पडतात: ‘प्रोस’ म्हणजे कडे आणि ‘कुनेओ’ म्हणजे चुंबन घेणे. त्यावरून ‘देवाकडे चुंबन फेकणे हीच खरी आराधना’ असे सुंदर प्रवचन तयार होते. पण नव्या कराराच्या काळापर्यंत त्या चुंबनाची आठवण बोलणाऱ्याच्या मनात उरली असेल असे मानायला फारसा आधार नाही. ‘नमस्कार’ या शब्दात ‘नम्’ म्हणजे वाकणे आहे, म्हणून फोनवर ‘हॅलो, नमस्कार’ म्हणणारा माणूस तिकडे कमरेत वाकला असे आपण समजत नाही.

आता हे क्रियापद कुठून कुठे गेले ते पाहू, कारण वडिलांच्या म्हणण्यात जी थोडी सत्यता आहे ती इथे सापडते. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला इतिहासकार हेरोडोटस पर्शियन लोकांच्या रस्त्यात भेटण्याच्या रीती सांगतो. दोघे बरोबरीचे असतील तर तोंडाचे चुंबन. एक जण किंचित कमी दर्जाचा असेल तर गालाचे. फारच खालच्या दर्जाचा असेल तर तो समोरच्यापुढे खाली पडतो, आणि या शेवटच्या कृतीला हेरोडोटस हेच क्रियापद वापरतो. पर्शियन माणसाला यात धर्म दिसत नव्हता, ही दरबाराची आणि समाजाची रीत होती. ग्रीकांना मात्र हे पाहून अंगावर काटा यायचा. स्पर्थियास आणि बुलिस हे स्पार्टाचे दोघे सूसा इथे झर्क्सीस राजाच्या दरबारात गेले, तेव्हा पहारेकऱ्यांनी बळजबरी करूनही ते पडले नाहीत. माणसापुढे असे करण्याची आमच्यात रीत नाही, असे त्यांनी सांगितले. पुढे अलेक्झांडरने इसवी सनापूर्वी ३२७ च्या सुमारास बॅक्ट्रियात आपल्या ग्रीक आणि मॅसेडोनियन सोबत्यांकडूनही हा मान घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा ॲरिस्टॉटलचा नातेवाईक कॅलिस्थेनिस याने विरोध केला. म्हणजे एकच कृती, एकच क्रियापद, पण पर्शियात तिचा अर्थ ‘महाराज’ आणि ग्रीसमध्ये ‘देवा’. ताईंच्या मंडळीतल्या वडिलांचे म्हणणे स्पार्टाच्या त्या दोघांना मनापासून पटले असते.

पण बायबलच्या लेखकांनी हे क्रियापद स्पार्टाकडून घेतलेले नाही. त्यांच्या कानात जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर होते, ज्याला सेप्टुअजिंट म्हणतात. त्यातल्या पहिल्या पाच पुस्तकांचे काम इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात झाले. हिब्रूत ‘हिश्तहावा’ म्हणजे लवून पडणे असे क्रियापद आहे, आणि त्यासाठी या भाषांतरकारांनी जवळजवळ नेहमी प्रोस्कुनेओ वापरले. मग ते कोणापुढे वापरले, ते पाहा.

अब्राहाम सारेच्या दफनासाठी जमीन मागायला हेथी लोकांपुढे उभा राहतो आणि त्या देशाच्या लोकांना प्रोस्कुनेओ करतो (उत्पत्ति २३:७ आणि पुन्हा १२). व्यवहाराआधीची ही अदब आहे. याकोब भाऊ एसावला भेटायला येताना सात वेळा जमिनीपर्यंत लवतो (उत्पत्ति ३३:३), इथे भीती आहे. रूथ बवाजापुढे पालथी पडते (रूथ २:१०), इथे परक्या विधवेची कृतज्ञता आहे. आणि ताईंसाठी सगळ्यांत जवळचे उदाहरण निर्गम १८:७ मध्ये आहे. इथ्रो भेटायला येतो, मोशे आपल्या सासऱ्याला सामोरा जातो, त्याला प्रोस्कुनेओ करतो, त्याचे चुंबन घेतो, मग दोघे एकमेकांचे क्षेमकुशल विचारतात आणि तंबूत जातात. मूर्तीपुढे वाकू नये ही आज्ञा याच मोशेच्या हातून दोनच अध्याय पुढे, निर्गम २०:५ मध्ये येते, आणि तिथेही हेच क्रियापद आहे. ‘तू त्यांना प्रोस्कुनेओ करू नकोस, त्यांची लात्रेउओ करू नकोस.’ सासऱ्याला केले ते आणि मूर्तीला करू नये ते, दोन्हीला एकच शब्द. आणि लिहिणाऱ्याला त्यात काही विसंगती वाटत नाही.

१ इतिहास २९:२० तर याहून पुढे जाते. दावीद सभेला म्हणतो, परमेश्वराला धन्यवाद द्या. लोक लवतात आणि ‘परमेश्वराला व राजाला’ प्रोस्कुनेओ करतात. एक क्रियापद, दोन कर्मे. कोणीही दाविदाला देव समजत नव्हते. एकाच वेळी एकाच वाक्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी घडत होत्या आणि प्रत्येकाला त्या कळत होत्या.

वर ‘लात्रेउओ’ हे दुसरे क्रियापद आले, ते लक्षात ठेवा. त्याचा अर्थ सेवा, आणि नव्या करारात ती नेहमी धार्मिक सेवा असते: याजकाची, भक्ताची. नव्या करारात ते २१ वेळा येते आणि एकदाही एखाद्या जिवंत माणसाला मान देण्यासाठी येत नाही. ग्रीकमध्ये ‘फक्त देवाला’ असा शब्द हवाच असेल, तर हा त्याच्या बराच जवळ जातो.

म्हणूनच मत्तय ४:१० नीट वाचायला हवे. सैतान म्हणतो, पाया पडून मला प्रोस्कुनेओ कर. येशू उत्तर देतो, परमेश्वर तुझा देव याला प्रोस्कुनेओ कर आणि केवळ त्याचीच लात्रेउओ कर. ‘केवळ’ हा शब्द दुसऱ्या क्रियापदाला लागला आहे. याचा अर्थ पहिले क्रियापद वाटेल त्याला देऊन टाकावे असा मी काढत नाही, आणि एका ‘केवळ’वर सगळी इमारत उभी करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आवरतेच. येशू इथे जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातले वचन सांगतो, आणि त्या ६:१३ च्या हिब्रूत मुळात ‘भय धर’ असे आहे. मत्तयात तिथे प्रोस्कुनेओ येते ते सैतानाने आदल्याच वाक्यात वापरलेल्या शब्दाला दिलेले उत्तर म्हणून. पण सैतान काय मागतो आहे ते बघा. जगातली सगळी राज्ये माझी आहेत, माझ्यापुढे पड, मी तुला देतो. त्याला पडण्याच्या कृतीतून मालकी कबूल करून हवी आहे. मला वाटते या क्रियापदाची किल्ली इथे आहे: पडणाऱ्याने समोरच्याचा कोणता दावा कबूल केला? आजेसासूबाईंचा दावा ‘मी या घरातली मोठी’ एवढाच असतो, आणि तो खरा असतो.

आता मागी लोक. ते यरुशलेमेत येऊन विचारतात की यहूद्यांचा जो राजा जन्मला तो कुठे आहे. राजा म्हटले की पूर्वेकडच्या माणसाने प्रोस्कुनेओ करायचेच. हेरोदही म्हणतो, मला सांगा, मीही येऊन करतो (मत्तय २:८). हेरोद खोटे बोलतो आहे, पण खोटे बोलतानाही तो दरबारात शोभेल असेच बोलणार. बाळाला देव मानून त्याची उपासना करीन, असे तो म्हणणार नाही. त्यामुळे इथे ‘नमन’ हा मराठी शब्द मला अगदी बरोबर वाटतो. योहान ४ मध्ये तेच क्रियापद नऊ वेळा येते आणि तिथे मराठीत ‘उपासना’ आहे, तेही बरोबर, कारण शोमरोनी बाईशी चाललेले बोलणे या डोंगरावर की यरुशलेमेत, म्हणजे देवाची भक्ती कुठे करायची याचे आहे. भाषांतरकाराने इथे एकच मराठी शब्द सगळीकडे रेटला असता तर दोन्हींपैकी एक ठिकाण बिघडले असते. आपल्याकडे तर निवड करायला शब्द भरपूर आहेत: हात जोडणे, वाकून नमस्कार, पाया पडणे, मुजरा, दंडवत, लोटांगण, पूजा, उपासना. ग्रीक माणूस एका शब्दात जेवढा पट्टा झाकतो, तेवढ्यात आपली निम्मी उतरंड बसते.

मत्तयाबद्दल थोडे थांबते, कारण मला या क्रियापदाचा सगळ्यांत बारीक वापर त्याच्याकडे दिसतो. नव्या करारात प्रोस्कुनेओ ६० वेळा आहे. त्यांतले १३ मत्तयात. तेच प्रसंग मार्क आणि लूक यांच्यात शेजारी ठेवून वाचा. कुष्ठरोगी येतो: मार्कात गुडघे टेकतो, लूकात पालथा पडतो, मत्तयात प्रोस्कुनेओ करतो. सभास्थानाचा अधिकारी मुलीसाठी येतो: मार्क आणि लूक यांच्यात येशूच्या पायांजवळ पडतो, मत्तयात प्रोस्कुनेओ. कनानी बाई: मार्कात पायांवर पडते, मत्तयात पुन्हा तेच. आणि उलट्या बाजूने पाहिले तर गंमत आणखी वाढते. मार्क १५:१९ मध्ये शिपाई काट्यांचा मुकुट घातलेल्या येशूची टर उडवताना गुडघे टेकून त्याला प्रोस्कुनेओ करतात. मत्तय तोच प्रसंग सांगतो, गुडघे टेकणे ठेवतो, पण हे क्रियापद गाळतो (२७:२९). मार्क ५:६ मध्ये भूतग्रस्त माणूस धावत येऊन प्रोस्कुनेओ करतो. मत्तयाच्या वृत्तांतात तेही नाही. टवाळी करणाऱ्यांच्या आणि भुतांच्या वाट्याला येशूपुढचा हा शब्द जाऊ नये, अशी त्याची काळजी दिसते.

म्हणजे मत्तय हे क्रियापद निवडून पेरतो. बाळापुढे मागी, मग गरजू माणसे, मग तारवात ‘आपण खरोखर देवाचे पुत्र आहात’ म्हणणारे शिष्य (१४:३३), आणि शेवटी गालीलातल्या डोंगरावर उठलेल्या प्रभूपुढे तेच (२८:१७), जिथे काहींना शंकाही वाटली असे तो प्रामाणिकपणे लिहितो. पहिल्या ठिकाणी वाचकाने ‘राजाला मान’ असे वाचले तरी चालते; शेवटच्या ठिकाणी ते पुरत नाही. अर्थ चढत गेला, शब्द तोच राहिला. मात्र याच मत्तयात १८:२६ मध्ये कर्जात बुडालेला दास आपल्या धन्यापुढे पडून प्रोस्कुनेओ करतो. तो दाखल्यातला धनी देवाचे चित्र आहे हे खरे, पण गोष्टीतल्या दासासाठी तो त्याचा मालक आहे. त्यामुळे ‘येशूला प्रोस्कुनेओ केले, म्हणून तो देव आहे हे सिद्ध झाले’ असा एका शब्दावरचा पुरावा मी वर्गात स्वीकारत नाही. येशूच्या देवत्वावर माझा विश्वास आहे. पण त्या विश्वासाचा पाया याहून रुंद आहे, त्याला या एका शब्दाच्या टेकूची गरज नाही.

उलट बाजूनेही हाच न्याय लागतो. मार्कातले शिपाई पाहा: अंगाने कृती पूर्ण, मनात थट्टा. क्रियापद तरीही प्रोस्कुनेओच. कृतीचे नाव सांगून ते थांबते, काळजात काय आहे हे सांगत नाही.

आता वडिलांनी दिलेले दोन दाखले. ते टाळून चालणार नाही.

कर्नेल्याचा प्रसंग प्रेषितांची कृत्ये १०:२५-२६ मध्ये आहे. तो पेत्राच्या पायांवर पडून प्रोस्कुनेओ करतो. पेत्र त्याला उठवतो आणि म्हणतो, उभा राहा, मीही माणूसच आहे. या उत्तरावरून कळते की पेत्राला त्या पडण्यात माणसाला द्यायच्या मानाहून जास्त काहीतरी दिसले. का दिसले? कोण कोणाच्या पायांवर पडते आहे ते बघा. कैसरीयातला रोमी शताधिपती, सत्ताधारी सैन्याचा अधिकारी, आणि समोर जिंकलेल्या देशातला एक गालीली कोळी. समाजाच्या उतरंडीत कर्नेल्य वर, पेत्र खाली. इथे सामाजिक मानाचा प्रश्नच उद्भवत नाही; तसा असता तर पडायचे पेत्राने होते. कर्नेल्य पडला कारण देवदूताने नाव सांगून या माणसाला बोलवायला लावले होते. त्याच्या नजरेत पेत्र अर्धा स्वर्गातून आलेला होता, आणि तो गैरसमज पेत्राने तिथेच पुसला. आजेसासूबाईंना तुम्ही स्वर्गातून आलेल्या समजत नसाल, तर हा दाखला तुमच्या नमस्काराला लागू होत नाही. फिलिप्पैचा तुरुंगाधिकारीही थरथरत पौल आणि सीला यांच्यापुढे पडतो (१६:२९), आणि तिथे पौल ‘उठ, मी माणूस आहे’ म्हणत नाही, त्याच्या प्रश्नाचे उत्तर देतो. तिथे क्रियापद ‘प्रोस्पिप्तो’ असे वेगळे आहे, म्हणून या दाखल्याला मी अर्धेच वजन देते.

प्रकटीकरणात देवदूत योहानाला दोनदा थांबवतो (१९:१० आणि २२:८-९): असे करू नको, मी तुझ्या सोबतीचा दास आहे, देवाला प्रोस्कुनेओ कर. इथे वडिलांचे म्हणणे पूर्ण ताकदीने उभे राहते. या पुस्तकात हे क्रियापद २४ वेळा आहे, नव्या करारातल्या कोणत्याही पुस्तकाहून जास्त, आणि पुस्तकाचा सगळा झगडाच कोणापुढे पडायचे यावर आहे: कोकऱ्यापुढे, म्हणजे ख्रिस्तापुढे, की त्याच्याविरुद्ध उभ्या ठाकलेल्या श्वापदापुढे. हे पुस्तक ज्या आसिया या रोमी प्रांतात वाचले गेले तिथे पर्गम शहरात इसवी सनापूर्वी २९ मध्येच रोमा देवी आणि ऑगस्टस यांच्या मंदिराला परवानगी मिळाली होती. शेजारच्या बिथुनियात इसवी सन ११२ च्या सुमारास प्लिनी हा अधिकारी ख्रिस्ती असल्याचा आरोप आलेल्यांना सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि द्राक्षारस अर्पण करायला लावत होता. करतील त्यांना सोडायचा, जे ख्रिस्ती असल्याचे पुन्हा पुन्हा सांगतील त्यांना मृत्युदंड. असल्या वातावरणात देवदूतापुढेसुद्धा पडायचे नाही, ही कडक रेघ समजते.

तरीही त्याच पुस्तकात ३:९ आहे. फिलदेल्फियाच्या छोट्या, दुबळ्या मंडळीला येशू सांगतो की जे तुम्हाला छळतात त्यांना मी तुमच्या पायांपाशी येऊन प्रोस्कुनेओ करायला लावीन. माणसांच्या पायांपाशी, आणि लावणारा स्वतः प्रभू. शब्दातच मूर्तिपूजा असती तर हे वाक्य लिहिताच आले नसते. हे वचन त्या वडिलांपुढे ठेवून पाहा, अर्थात आवाज न चढवता.

मर्दखयाचीही आठवण कोणी काढेल. या यहूदी माणसाने पर्शियाच्या राजाचा प्रमुख अधिकारी हामान याच्यापुढे पडायला नकार दिला, आणि एस्तेरच्या हिब्रू पुस्तकात कारण नीट सांगितलेले नाही. ग्रीक एस्तेरमध्ये, जो मजकूर कॅथलिक बायबलात आहे आणि प्रॉटेस्टंट बायबलात नाही, मर्दखयाची एक प्रार्थना आहे. तो म्हणतो, इस्राएल वाचणार असेल तर मी हामानाच्या पायांचे तळवेसुद्धा चुंबले असते; पण माणसाचे गौरव देवाच्या गौरवाच्या वर जाऊ नये म्हणून मी हे केले. पुन्हा तोच प्रश्न, समोरच्याने कोणता दावा मांडला आहे.

व्याकरणातून काही सुटका मिळते का, असे विद्यार्थी विचारतात. या क्रियापदाचे कर्म कधी द्वितीयेत येते, कधी चतुर्थीत, आणि एक म्हणजे उपासना, दुसरे म्हणजे मान, असे नियम काहींनी बसवून पाहिले. योहान ४:२३ मध्ये एकाच वचनात, एकाच पित्याला, दोन्ही विभक्ती आहेत. तो विषय तिथे संपतो.

पुढच्या मंडळीने हा भेद नावे देऊन मांडला. ७८७ मधल्या निकैयाच्या दुसऱ्या परिषदेने प्रतिमांना ‘मानाची प्रोस्कुनेसिस’ चालेल, पण ‘लात्रेइया’ फक्त देवाला, असे ठरवले. लॅटिन भाषांतरात ही रेघ पुसट झाली आणि पश्चिमेकडच्या फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याच्या दरबारात भलतीच खळबळ उडाली. प्रतिमांबद्दलचे ते मत सगळ्या मंडळ्यांना मान्य नाही, मलाही सगळे पटत नाही. दाखवायचे एवढेच की ग्रीक ही ज्यांची बोलीभाषा होती, त्यांना या एका शब्दाचे दोन उपयोग उघड दिसत होते.

आता वागण्याचे. इथून पुढे माझे मत आहे, ग्रीक नाही.

ताईंनी ज्या प्रसंगाचे वर्णन केले आहे त्यात मला काहीही अडचण दिसत नाही. आजेसासूबाई जिवंत, समोर बसलेल्या, आणि मराठी घरात ‘नमस्कार कर’ याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. पण प्रसंग बदलला तर माझे उत्तर बदलते. हार घातलेल्या फोटोपुढे उदबत्ती ओवाळून वाकायला सांगितले, तर ते मी करणार नाही. तिथे मान घेणारे माणूसच नाही आणि कृतीला पूजेचा आकार आला आहे. सासर हिंदू असेल आणि आधी देवघरापुढे, मग मोठ्यांपुढे असा क्रम असेल, तर दोन्ही एकाच ओघात होऊ देऊ नका. मोठ्यांना मनापासून, वेळ देऊन वेगळा नमस्कार करा, म्हणजे नकार कशाला आहे हे त्यांनाही समजेल. वारीत वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, लहानथोर न बघता, समोरच्यात माउली पाहून. मला ती रीत फार देखणी वाटते, पण तिच्यात एक श्रद्धा बोलते आहे, आणि ती आपली म्हणता येते का याचा विचार ख्रिस्ती माणसाने करायला हवा.

सर्वांत जास्त सांभाळायची जागा मात्र वेगळीच आहे. कोणी पाळक, प्रवचनकार किंवा ‘अभिषिक्त’ म्हणवणारा माणूस आपल्या पाया पडून घेत असेल, तर कर्नेल्याचा दाखला तिथे अक्षरशः लागू होतो. पेत्राने जे नाकारले ते नेमके हेच होते: देवाचा निरोप्या म्हणून मिळणारे लोटांगण. आजीच्या पायांवर बोट ठेवणाऱ्या काही व्यासपीठांपुढे लोक रांगेने पडताना मी पाहिले आहेत, आणि तिथे हे वचन कोणी वाचत नाही.

आणखी एक गोष्ट, जी ग्रीकच्या पुस्तकात नसते. मराठी ख्रिस्ती समाजातल्या कित्येक घरांच्या पूर्वजांवर ‘जोहार मायबाप’ म्हणत वाकणे जातीने लादलेले होते. त्या घरांत वाकायला नकार देण्यामागे धर्मशास्त्रापेक्षा जुनी जखम असू शकते, आणि मंडळीतल्या एखाद्या वडिलांच्या तीव्रतेचे कारण तेही असू शकते. तशा माणसाशी प्रोस्कुनेओच्या विभक्त्यांवर वाद घालणे मला क्रूर वाटेल. तसेच एखाद्या गुरूच्या पायांवर वर्षानुवर्षे डोके ठेवून मग ख्रिस्ताकडे आलेल्या माणसाला पाया पडणे कधीच नुसता मान वाटणार नाही. त्याच्या विवेकासाठी १ करिंथ ८ आहे (दुसऱ्याच्या नाजूक विवेकाला ठेच लावू नका, असे सांगणारा अध्याय), आणि त्याच्यासमोर मी नुसते हात जोडीन.

म्हणून ताई, त्या वडिलांकडे जाल तेव्हा शब्दकोश नेऊ नका. निर्गम १८:७ उघडा आणि मोशेने इथ्रोला काय केले ते त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा. मग प्रकटीकरण ३:९. एवढ्यावरही त्यांचे मन वळले नाही तर रोम १४ प्रमाणे त्यांना त्यांच्या मतासह राहू द्या, मंडळीच्या कार्यक्रमात त्यांच्या देखत हात जोडून नमस्कार करा, आणि घरी आजेसासूबाईंना वाकून करत राहा.